तहानलेल्या कावळ्याचं गणित

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण इतक्या लहानपणी ऐकतो, की पुढे ती तपासून बघावी असं कुणाच्या मनातही येत नाही. तळाशी थोडंसं पाणी, एकेक खडा, पाणी वर, कावळा तृप्त. तात्पर्य ठरलेलं: प्रयत्नांती परमेश्वर.

पण खडे एकावर एक पडले की मध्ये फटी राहतात. गोलसर, साधारण एकाच मापाचे खडे असतील, तर भरलेल्या मडक्यातली तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्तच जागा या फटींची असते. पाणी त्याहून बरंच कमी असेल तर ते फटींमध्येच दडून बसणार. खडे काठापर्यंत येतील, पाणी नाही. म्हणजे गोष्टीतलं ‘थोडंसं’ खरोखरच थोडंसं असतं, तर आपला कावळा खडे वेचता वेचता तहानेने मेला असता. चिकाटी मात्र शंभर टक्के! आणि मडक्यात एकदा डोकावून सरळ नदीकडे उडालेला एखादा कावळा असलाच, तर त्याला आपण आळशी म्हणून मोकळे झालो असतो.

गंमत म्हणजे ही गोष्ट खरीच करून बघितली गेली आहे. २००९ मध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी या संशोधकांनी रूक नावाच्या, कावळ्याच्याच कुळातल्या चार पक्ष्यांपुढे पाण्याची उभी नळी ठेवली. पाण्यावर तरंगती अळी, चोच पोचणार नाही इतकी खाली; शेजारी दगड. चौघांनीही दगड टाकून अळी मिळवली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असला हा प्रकार नव्हता. पाण्याच्या नळीशेजारी लाकडाचा भुसा असलेली नळी ठेवली, तेव्हा त्यात दगड टाकून काही वर येत नाही हे त्यांच्यातल्या तिघांच्या लवकरच लक्षात आलं आणि ते पाण्याकडे वळले. भुशात खडे टाकत राहणाऱ्याचं आपण मात्र सत्कार करून कौतुक करतो.

मला त्याहून आवडतं ते हे, की चौघं एकसारखे निघाले नाहीत. दोघांना पहिल्याच खेपेला जमलं, दोघांना दुसऱ्या. नीतिकथेत कावळा म्हणजे कावळा. एक चतुर ठरला की सगळी जात चतुर, एक लबाड ठरला की सगळे लबाड. संशोधकांना त्यांना निदान वेगवेगळी नावं तरी द्यावी लागली.

आणखी एक. दर दगडानंतर चोच घालून बघायची धडपड ते करत नव्हते. पाणी पुरेसं वर येईपर्यंत थांबत. लहान-मोठे दगड समोर ठेवले तर तिघं लवकरच मोठ्यांना पसंती द्यायला शिकले, म्हणजे कमी दगडांत काम. गोष्ट सांगताना हे आपल्याला परवडत नाही. दोन मोठे दगड टाकून पाणी पिणाऱ्या कावळ्याचे कष्ट दिसणार कुठे? म्हणून आपण त्याला छोटे छोटे खडेच आणायला लावतो, तेही लांबून.