आधी येळ्ळूर छापून दाखवा

गेल्या महिन्यात एका कंपनीचा सेल्सवाला मुलगा व्हिडिओ कॉलवर मला त्यांची रिपोर्ट सर्व्हिस दाखवत होता. रंगीत तक्ते, एका क्लिकवर पीडीएफ, वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट. अर्धा तास मी मुकाट ऐकलं. मग म्हटलं, "एक करा, ग्राहकाच्या पत्त्यात येळ्ळूर टाका आणि पीडीएफ काढा." त्यानं स्पेलिंग विचारलं. म्हटलं, मराठीत टाका. तो थांबला, कुणाला तरी मेसेज केला, आणि म्हणाला, "सर, ते रोडमॅपवर आहे."

मी आभार मानून कॉल बंद केला.

मी बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ एका खोलीत बसून वेब अ‍ॅप्लिकेशन्स बनवतो. गिऱ्हाइकं आजूबाजूचीच. उद्यमबागेतली एक फाउंड्री, वडगावचे दोन साडीवाले, एक कुंद्याचं, म्हणजे आमच्याकडच्या मिठाईचं, दुकान, आणि एक सोसायटी. आमच्याकडे पतसंस्थेला सोसायटीच म्हणतात. सोसायटीचं मुख्य काम पिग्मीचं. एजंट रोज दुकानोदुकानी फिरून पन्नास-शंभर रुपये गोळा करतो. ही पद्धत आमच्या कर्नाटकातलीच, १९२८ साली सिंडिकेट बँकेनं सुरू केलेली. त्या एजंटच्या वहीचं मी अ‍ॅप केलं. बाहेरच्या सेवा कशा निवडायच्या याबद्दल मला जे काही कळलंय, ते बहुतेक या एका कामात मार खाऊन कळलंय.

येळ्ळूरचं आधी सांगतो. बेळगावजवळचं गाव, राजहंसगडाच्या पायथ्याचं, बासमती तांदळाचं. सोसायटीचे बरेच खातेदार तिथले. पहिल्यांदा मी महिन्याच्या उताऱ्यासाठी ब्राउझरमध्ये पीडीएफ बनवणारी एक भरपूर वापरली जाणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, घेतली. इंग्रजीत सुंदर चालली. मराठी फॉन्ट घातला, अक्षरं दिसली, मी खूश. पहिला गठ्ठा छापून आला तेव्हा मॅनेजरांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. येळ्ळूरमध्ये एक ळ, त्याच्या पायाशी लोंबणारा हलंत, मग दुसरा ळ सुटा. हिंडलग्याची वेलांटी तर ह ला सोडून ड च्या डोक्यावर जाऊन बसलेली.

"काय ओ हे, गावाचं नाव बी नीट येईना?" मॅनेजर म्हणाले.

माझे मामा खडेबाजारातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांना दाखवलं तर ते हसले. म्हणाले, "खिळे आहेत रे तुझ्याकडं, जुळवणारा नाही." अगदी तेच झालं होतं. फॉन्ट म्हणजे नुसते खिळे. कुठली वेलांटी आधी काढायची, कुठली दोन व्यंजनं जोडायची, हे ठरवणारा भाग वेगळा असतो, त्याला शेपिंग म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस यांच्यात ते काम हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर करतं. माझ्या लायब्ररीत तो जुळवणाराच नव्हता. शेवटी सर्व्हरवर हेडलेस, म्हणजे पडद्यावर न दिसता चालणारा, क्रोम चालवला आणि साध्या वेबपानाची पीडीएफ काढली. मेमरी भरपूर खातो, एक जीबीच्या सर्व्हरवर धापा टाकतो, म्हणून उतारे रात्री काढून ठेवतो. पण येळ्ळूर येळ्ळूरसारखं दिसतं. कन्नड उताऱ्यांसाठी मी 'हळ्ळी' हा शब्द टाकून बघतो. त्यातही दोन ळ, आणि कन्नडात दुसरा ळ पहिल्याच्या खाली ओत्तु होऊन बसतो. एका शब्दात निकाल लागतो.

तेव्हापासून कुठलंही नवं साधन आलं की मी आधी त्याच्या जाहिरातीतलं नाही, माझं सगळ्यात अवघड नाव त्यात घालतो.

आता एसएमएस. पिग्मी भरली की खातेदाराला मेसेज गेला पाहिजे, नाहीतर एजंटवर विश्वास कोण ठेवणार? मी तीन सेवांचे दर मागवले, सगळ्यात स्वस्त निवडली, वीस पैशांना एक. दराच्या कागदावर जे नव्हतं ते असं. इंग्रजी अक्षरांचा एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरी किंवा कन्नड आलं की तो ७० वर येतो, आणि मजकूर त्याहून लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७ च. शिवाय मोजणी आपल्या डोळ्यांची नाही. येळ्ळूर डोळ्याला तीन अक्षरं, मोबाइल कंपनीला सात, कारण मात्रा, हलंत, उकार सगळे वेगळे मोजले जातात. माझा 'प्रिय ग्राहक' पासून 'धन्यवाद' पर्यंतचा सभ्य मजकूर दीडशेचा होता. म्हणजे तीन तुकडे. नऊशे खातेदार, महिन्याचे सव्वीस दिवस, २३,४०० मेसेज. मी ४,६८० रुपये सांगितले होते, बिल आलं १४,०४० चं. चेअरमन काही बोलले नाहीत, फक्त चहा मागवला नाही.

वरचा फरक पहिल्या महिन्यात मी माझ्या खिशातून भरला. चूक माझीच होती.

त्याच मजकुरात दुसरा घोळ होता. आपल्याकडे असा प्रत्येक मजकूर आधी मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पाठवलेला मेसेज त्याच्याशी ताडून पाहिला जातो. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी सुरू झाली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि दूरसंचार नियामक ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली होती. माझे मेसेज मात्र त्यानंतर बऱ्याच काळानं अडकायला लागले, तेही फक्त मराठीतले. कन्नड व्यवस्थित. दोन दिवस डोकं फोडल्यावर सापडलं. मजकुरात 'आमच्या कर्मचाऱ्याकडे' असं होतं. त्यातला ऱ्या मधला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध ऱ, किंवा साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब. पोर्टलवर एक प्रकार गेला होता, माझ्या कोडमध्ये दुसरा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक. अडवणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द. सेवेच्या मदतकेंद्राला मी हे समजावायला गेलो तर तिथून उत्तर आलं, "कृपया मजकूर इंग्रजीत पाठवून पाहा."

शेवटी मजकूर सत्तरच्या आत बसवला. ग्राहकाचं 'प्रिय' गेलं, धन्यवाद गेलं, आणि कर्मचाऱ्याला तर मी आनंदानं काढून टाकलं. मजकुरातून.

ती स्वस्त सेवा वर्षभरानं बंद पडली. शुक्रवारी संध्याकाळी मेल, पंधरा दिवसांची मुदत. या वेळी मात्र मी वाचलो, आणि ते हुशारीमुळे नाही. आधीच्या एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत डीएलटीची नोंदणी सेवा देणाऱ्यानंच 'आम्ही करून देतो साहेब' म्हणत स्वतःच्या मोबाइल आणि ईमेलवर केली होती. सेवा सोडायची वेळ आली तेव्हा पोर्टलचा ओटीपी त्याच्या खिशात. पाच आठवडे फोन करत बसलो. म्हणून सोसायटीची नोंदणी मी सोसायटीच्या नावानं, सोसायटीच्या ईमेलवर, मॅनेजरांच्या टेबलावर बसून केली होती. मेसेज पाठवणाऱ्याचं नाव आमचं, मंजूर मजकूर आमचे, आणि कुणाला केव्हा काय पाठवलं याचा तक्ता आमच्याच डेटाबेसमध्ये. कोडमध्येही त्या सेवेशी बोलणारी फाइल एकच. नवीन सेवा जोडायला दीड दिवस लागला.

माझे वडील वडगावात पॉवरलूमवर होते. माग आमचा, पण सूत शेटचं, आणि साडीच्या काठाच्या डिझाइनची कार्डंही शेटचीच. शेटनं हात आखडला की माग धड असूनही बंद. ते कधी तक्रार करत नसत, फक्त नवीन कार्डं आली की विचारत, "ही आमच्याकडं राहणार का?" मी सेवांचे करार वाचतो तेव्हा मला तोच प्रश्न ऐकू येतो. डेटा बाहेर काढायचं बटण कुठे आहे ते आधी शोधतो, दर नंतर वाचतो. फेसबुकनं पार्स ही मोबाइल अ‍ॅप्सना तयार सर्व्हर पुरवणारी सेवा विकत घेतली २०१३ ला आणि ती बंद करतोय असं सांगितलं जानेवारी २०१६ मध्ये. पण त्यांनी सर्व्हरचा कोड खुला करून दिला आणि वर्षाची मुदत दिली. त्याला मी सभ्य निरोप म्हणतो. सगळे असा देत नाहीत.

छोट्या लायब्ररींबद्दल थोडं. खाते क्रमांक ४१७ असला तरी पासबुकात ०००४१७ असा हवा, पुढे शून्यं लावून. हेच काम करणारं लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज मार्च २०१६ मध्ये त्याच्या लेखकानं एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतलं आणि जगभरची मोठमोठी प्रोजेक्ट्स बिल्ड होईनाशी झाली. पुढच्याच वर्षी तीच सोय जावास्क्रिप्टमध्ये आली. हजार-लाखाचे स्वल्पविराम ब्राउझर स्वतः घालतो, त्याला मराठी सांगितलं तर आकडेही देवनागरी देतो. कन्नड सांगितलं तर मात्र इंग्रजी आकडे. त्यावरून "मराठीवाल्यांना वेगळे आकडे का?" असं एका संचालकांनी सभेत विचारलं होतं. आमच्या गावात असला प्रश्न लवकर मिटवलेला बरा. दोन्हीकडे इंग्रजी आकडे केले, एका सेटिंगचं काम.

जून २०२४ मध्ये पॉलीफिल डॉट आयओचं प्रकरण उघडकीस आलं. ते डोमेन फेब्रुवारीत दुसऱ्याच्या हाती गेलं होतं, तिथून येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातक कोड घुसला होता, आणि लाखाहून जास्त साइट्स ती डोळे मिटून चालवत होत्या. त्या रात्री मी माझ्या सगळ्या जुन्या साइट्स चाळल्या. ती ओळ कुठे नव्हती, पण दुसऱ्यांच्या दारातून रोज काहीतरी उचलणाऱ्या अकरा ओळी निघाल्या. फॉन्ट, आयकॉन, एक कॅलेंडर. सगळं आपल्या सर्व्हरवर आणून ठेवलं.

एक सेवा मी घेतलीच नाही, त्याचं मला अजून बरं वाटतं. ग्राहकाचा पिनकोड बघून आपोआप भाषा ठरवणारी. ५९० आणि ५९१ म्हणजे कर्नाटक, म्हणजे कन्नड, असा तिचा हिशेब. ५९१२३७ म्हणजे निपाणी, ५९१३०२ म्हणजे खानापूर. तिथल्या माणसाला विचारून बघा म्हणावं. बेळगाव शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारदरबारी बदललं, तरी पत्त्यांच्या तयार याद्यांमध्ये अजून तीन-तीन नावं सापडतात आणि आमची माणसं लिहितात ते चौथंच. आम्ही फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: मेसेज कुठल्या भाषेत हवा? एजंट समोरच उभा असतो, तो विचारतो. काही घरांत नवऱ्याचा मेसेज मराठी आणि बायकोचा कन्नड असतो.

कुंद्याच्या दुकानासाठी पेमेंट गेटवे बघत होतो तेव्हा मालकांना सांगितलं, कार्डावर साधारण दोन टक्के, त्यावर जीएसटी, पैसे एक-दोन दिवसांनी. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, नाही. ते म्हणाले, "मग क्यूआर चिकटवूया की. कुंदा चार दिवसांत खराब होतोय, पैसे कशाला थांबवायचे?" साइटवर आता एक क्यूआर, एक फोन नंबर. माझं बिल निम्म्यावर आलं, पण ती साइट मला रात्री उठवत नाही.

परवा सोसायटीत गेलो होतो. येळ्ळूरच्या एक मावशी काउंटरवर छापील उतारा घेऊन उभ्या होत्या. मी मोठ्या उत्साहानं पुढे झालो, म्हटलं, "मावशी, गावाचं नाव बरोबर आलंय ना?"

"गाव बरोबर हाय रे," त्या म्हणाल्या, "माझंच नाव चुकलंय."

ते आमच्या एजंटनं टाइप केलं होतं.