चरबीची वही: या फेरीत फक्त जागा बघितली

वेगवेगळ्या प्राण्यांच्या मांसात चरबी किती हे या वेळी बाजूला ठेवलं, कुठे आहे तेवढंच नोंदवलं. चार जागा तपासतो: कातडीखाली, दोन स्नायूंच्या मधे, स्नायूच्या आत (आपलं लाडकं मार्बलिंग, म्हणजे मांसातल्या पांढऱ्या रेषा) आणि पोटात गुर्द्यांभोवती. प्राणी वाढताना साधारणपणे पोटातली आधी भरते, मार्बलिंग सगळ्यात शेवटी. कोवळ्या मांसात पांढऱ्या रेषा शोधत बसण्यात अर्थ नाही.

सर्वात जास्त वेळ बोकडाने खाल्ला. गुर्द्यांभोवती चरबी भरघोस, आणि त्याच बोकडाची मांडी उघडली तर जवळजवळ नुसती लाल. शेळ्यांची ठेवणच अशी, साठा आत आणि कातडीखाली जेमतेम पापुद्रा. म्हणून ती मांडी सुक्या आचेवर कोरडी पडते. आता गुर्द्याची चरबी बारीक चिरून खिम्यात घालतो. बोकडाची उणीव बोकडानेच भरून काढायची. मेंढीच्या पाठीवर मात्र चांगला थर असतो, काही जातींत तर शेपटीतच मोठा साठा. मेंढीचा तो उग्र वास मुख्यतः चरबीतून येतो. तो नको असेल त्यांनी बाहेरचा थर सोलून टाकावा. मी टाकत नाही.

रवंथ करणाऱ्यांची चरबी घट्ट का, तर पोटातले सूक्ष्मजीव चाऱ्यातली असंतृप्त (पातळ राहणारी) मेदाम्लं बरीचशी संतृप्त (गार झाली की घट्ट होणारी) करून टाकतात. म्हणून मटण ताटात गार झालं की टाळूला चिकटतं. डुकराच्या पोटात ही सोय नाही. त्याने जे खाल्लं ते चरबीत उतरतं, तेलबिया जास्त खाल्ल्या की चरबी मऊ. सॉसेजला पाठीची टणक चरबीच घ्यायची, पोटाकडची दळताना लिबलिबीत होते. गुर्द्याभोवतीची कढवून ठेवली, पांढरीशुभ्र आणि जवळजवळ बिनवासाची निघाली.

बदकाची सगळी मजा कातडीखाली, आतलं मांस बऱ्यापैकी कोरं. कातडीला चिरा पाडून थंड तव्यात ठेवायचं आणि मंद आचेवर चरबी सुटू द्यायची. कोंबडीबद्दल नवीन काही नाही: छाती कोरी, मांडी बरी.

मासे जाता जाता पाहिले. सॅमनच्या पाकळ्यांमधल्या पांढऱ्या पट्ट्यांत आणि पोटाच्या कडेला चरबी दाटलेली. कॉड ती यकृतात साठवतो, त्यामुळे त्याच्या मांसात ती 1 टक्क्याहूनही कमी. पुढच्या फेरीत बीफच्या खांद्याचे आणि कमरेचे तुकडे शेजारी ठेवून मार्बलिंग बघणार आहे.