पाणी झाडात चढते ते कोणाच्या जोरावर?

झाडात पाणी वर कसे चढते, याचे ‘मुळे ते वर ढकलतात’ हे उत्तर इतके सहज पटते की त्याची शहानिशा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. माझ्या मते या उत्तराने वनस्पतिशास्त्रातील एक अत्यंत विलक्षण गोष्ट झाकली जाते. उंच झाडात पाणी ढकलले जात नाही, ते वरून ओढले जाते. आणि ओढण्याचे ते बळ झाडाचे स्वतःचे नसून पानांभोवतीच्या कोरड्या हवेचे, म्हणजे अखेर सूर्याच्या उष्णतेचे असते.

मुळांचे काम अर्थातच कमी महत्त्वाचे नाही. मुळाच्या टोकामागे असलेले मूलरोम हे त्वचेच्या एकेका पेशीचे लांबवर वाढलेले धागे असतात आणि मातीच्या कणांना बिलगलेले पाणी त्यांच्यामार्फत आत येते. रोप उपटून दुसरीकडे लावले की ओल्या मातीतही ते माना टाकते, कारण हे नाजूक धागे उपटताना तुटून मातीतच राहिलेले असतात. आत आलेले पाणी काही अंतर पेशीभित्तिकांमधून झिरपत जाते. परंतु पुढे अंतस्त्वचेतील, म्हणजे मुळाच्या आतल्या एका पेशीथरातील, कॅस्पेरियन पट्टी हा पाणी न झिरपू देणारा पट्टा तो मार्ग बंद करतो आणि पाण्याला पेशीपटलातून जाणे भाग पाडतो. त्यामुळे पाण्याबरोबर कोणते क्षार आत जाणार, यावर झाडाचे नियंत्रण राहते.

मुळे पाण्यावर दाब निर्माण करतात, हेही खरे आहे. दमट रात्रीनंतर गवताच्या पात्याच्या टोकावर किंवा पानाच्या कडेने, जेथे शिरा संपतात नेमके तेथेच, पाण्याचे थेंब उभे असलेले दिसतात. त्यांना पुष्कळदा दव समजले जाते, पण दव पानाच्या पृष्ठभागावर पसरलेले असते, तर हे थेंब मूलदाबाने आतून बाहेर आलेले असतात. मात्र हा दाब फार तर काही वातावरणांइतका (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) असतो आणि भर दुपारी, जेव्हा पाण्याचा प्रवाह सर्वाधिक असतो, तेव्हा तो जवळजवळ नाहीसा होतो. केशाकर्षणानेही, म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढण्याच्या गुणानेही, भागत नाही, कारण ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत त्यामुळे पाणी जेमतेम ३० सेंटिमीटर चढते.

खरी ओढ पानात निर्माण होते. पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रांच्या, आत असलेल्या पेशींच्या भित्तिका ओल्या असतात. त्यांवरील पाण्याची वाफ होऊ लागली की उरलेले पाणी भित्तिकांमधील अतिसूक्ष्म छिद्रांत मागे सरते, त्याचा पृष्ठभाग अंतर्वक्र होतो आणि पृष्ठताणामुळे मागचे पाणी पुढे खेचले जाते. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असल्यामुळे हा ताण जलवाहिन्यांतील (पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतील) पाण्याच्या अखंड स्तंभातून थेट मुळापर्यंत पोहोचतो. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये ही उपपत्ती मांडली. त्याच्या थोडेच आधी एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी उंच झाडे बुंध्याशी कापून त्यांची टोके विषारी द्रावणात ठेवली होती. वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, तरीही द्रावण वर चढत राहिले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण खोडातील जिवंत पेशी पाणी चढवतात या कल्पनेला त्याने मोठा धक्का दिला.

हा ताण मोजण्याची एक सोपी रीत पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. डहाळी कापताच ताणलेले पाणी छेदापासून आत मागे सरते. अशी डहाळी बंद पात्रात ठेवून तिचे कापलेले टोक तेवढे बाहेर काढतात आणि पात्रातील वायूचा दाब हळूहळू वाढवत नेतात. ज्या दाबाला छेदावर ओल चमकू लागते, तेवढा ताण आतील पाण्यात होता असे समजावे. खारफुटीच्या डहाळ्यांत तो ३० वातावरणांहून अधिक भरला.

इतक्या ताणाखालील पाण्याला धोका असतो तो बुडबुड्याचा. माती कोरडी पडली आणि ताण वाढला की जलवाहिनीत हवा शिरते, स्तंभ तुटतो आणि ती वाहिनी निकामी होते. शेजारच्या वाहिन्यांमधील सूक्ष्म पडदे पाणी जाऊ देतात, पण बुडबुडा बहुधा अडवतात. म्हणून एका वाहिनीचे नुकसान सगळीकडे पसरत नाही. फुलांचे देठ पाण्याखाली कापावेत असे सांगतात, तेही हवा आत ओढली जाऊ नये म्हणूनच. झाडाचा स्वतःचा बचाव म्हणजे पर्णरंध्राच्या कडेच्या रक्षक पेशींतील पोटॅशियम बाहेर टाकून पर्णरंध्रे मिटणे. परंतु रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणजे पाणी वाचवताना झाडाला अन्ननिर्मिती थांबवावी लागते. सामान्यतः कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे शेकडो रेणू उडून जातात.

उंचीबरोबर हा पेच अधिक अवघड होतो. कॅलिफोर्नियातील रेडवूड वृक्ष ११५ मीटरपर्यंत वाढतात. तेथे नुसत्या गुरुत्वाकर्षणामुळेच शेंड्याजवळच्या पाण्यावर सुमारे ११ वातावरणांचा ताण येतो, मग माती कितीही ओली असो. त्या ताणाखाली नव्या पेशींना पुरेसे फुगता येत नाही, म्हणून शेंड्याकडची पाने खालच्या पानांपेक्षा लहान आणि जाड राहतात.