बाबांच्या डिव्हिडंडसाठी ॲप निवडताना

"डिव्हिडंड सगळ्यात चांगला कुठल्या ॲपवर मिळतो?" बाबांनी विचारलं. निवृत्तीच्या पैशांतले थोडे शेअर्समध्ये घालायचं त्यांनी ठरवलं होतं. कोल इंडिया, आयटीसी, पॉवर ग्रिड ही नावंही त्यांचीच. ॲप निवडायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांना आधी एक गोष्ट समजावली. डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला लाभांश, कंपनी देते, ॲप नाही. शेअर जिथे इलेक्ट्रॉनिक रूपात राहतात त्या डिमॅट खात्याला जोडलेल्या बँक खात्यात तो थेट जमा होतो, ब्रोकरच्या, म्हणजे ॲपवाल्या कंपनीच्या, हातातून जातच नाही. त्यामुळे कुठल्याही ॲपवर रक्कम तेवढीच. फरक पडतो तो खर्चात.

बाबा शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवणार. अशा माणसाला दर वर्षी लागणारा डिमॅटचा मेंटेनन्स चार्ज सगळ्यात जास्त बोचतो. इथे बीएसडीए, म्हणजे बेसिक डिमॅट खातं, फार कामाचं. सप्टेंबर 2024 पासून 4 लाखांपर्यंतच्या शेअर्सना त्यात वार्षिक शुल्क नाही, आणि 10 लाखांपर्यंत 100 रुपये. अट अशी, की एकटा किंवा पहिला धारक म्हणून त्या माणसाच्या नावावर दुसरं डिमॅट नको. बाबांचं एका बँकेत जुनं डिमॅट होतंच, दर वर्षी पैसे कापणारं. त्यातले शेअर नव्या खात्यात वळवून ते बंद केलं. या भानगडीत सगळ्यात जास्त वेळ गेला, पण ते करायलाच हवं होतं.

ब्रोकरेज, म्हणजे ब्रोकरची दलाली, पाहून झिरोधा हे ॲप घेतलं, कारण डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवायला, तिथे ब्रोकरेज नाही. विकताना डीपी चार्ज, म्हणजे डिमॅटमधून शेअर बाहेर काढायचं शुल्क, लागतो, पण बाबा विकणार कधीतरीच.

खातं उघडताना मी बँकेच्या तपशिलावर अडून बसलो. बाबांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, पासबुकावर जुनाच आयएफएससी छापलेला. शाखेत जाऊन नवा कोड घेतला आणि मगच फॉर्म भरला. लाभांश या एकाच खात्यात येणार, तिथे हयगय नको. सात वर्षं कुणी मागितला नाही तर तो आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातो, आणि तिथून सोडवणं म्हणजे कागदपत्रांचा डोंगर. नॉमिनी म्हणून आईचं नाव त्याच बैठकीत घातलं.

ॲपवर दिसणाऱ्या यील्डवर, म्हणजे शेअरच्या भावाच्या तुलनेत लाभांश किती टक्के या आकड्यावर, मात्र भरवसा ठेवू नये, हे माझं ठाम मत. एखाद्या वर्षी कंपनीने विशेष लाभांश दिला की आकडा फुगतो. कंपनी लाभांशाची टक्केवारी जाहीर करते तीही बाजारभावावर नाही, शेअरच्या दर्शनी, म्हणजे मूळ ठरवलेल्या, किमतीवर असते. 10 रुपये दर्शनी किमतीच्या शेअरवर 100 टक्के म्हणजे 10 रुपयेच. शिवाय एक्स-डेटपासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, म्हणून तिच्या आदल्या दिवसापर्यंत शेअर घेतलेला हवा, आणि एक्स-डेटला भावही साधारण लाभांशाएवढाच खाली येतो. नुसत्या लाभांशासाठी आदल्या दिवशी धावत घेण्यात काही राम नाही.

राहिला कर. एप्रिल 2025 पासून एका कंपनीकडून वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतच्या लाभांशावर टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतला जाणारा कर, कापला जात नाही. बाबांचे शेअर थोडे, त्यामुळे 15एच, म्हणजे टीडीएस कापू नका असं सांगणारा ज्येष्ठ नागरिकांचा फॉर्म, भरायची वेळ आली नाही. पण टीडीएस कापला नाही तरी ही रक्कम रिटर्नमध्ये दाखवावी लागते, म्हणून जमा झालेला प्रत्येक लाभांश बाबा वहीत तारखेसकट लिहितात.