परदेशात आठ जणांसाठी पुरणपोळीचं जेवण

बेळगाव-निपाणीकडचं सणाचं जेवण परदेशातल्या छोट्या स्वयंपाकघरात करायचं तर पदार्थ मोजके ठेवावेत. पुरणपोळी, येळवणीची (डाळ शिजवून निथळलेल्या पाण्याची, म्हणजे कटाची) आमटी, भात, एक सुकी भाजी, भजी आणि शेंगदाण्याची चटणी. एवढ्यानं ताट भरतं. अळूवडी, खीर, दोन-दोन कोशिंबिरी यांच्या मागे लागलं की पोळ्या लाटायला हात उरत नाहीत.

अर्धा किलो हरभरा डाळीच्या वीस-बावीस पोळ्या होतात. पुरण आदल्या दिवशीच करावं. डाळ दोन तास भिजवायची आणि दोन लिटर पाण्यात चमचाभर तेल व हळद घालून उघड्या पातेल्यात शिजवायची. कुकरमध्ये लवकर होते, पण एक शिट्टी जास्त झाली की डाळ विरघळते, कट पिठूळ होतो आणि पुरण सैल पडतं. लंडनसारख्या क्षारांचं पाणी असलेल्या शहरात उलटा त्रास. तासभर उकळूनही दाणा आत टणकच राहतो, कारण पाण्यातलं कॅल्शियम डाळ मऊ होऊ देत नाही. तिथं फिल्टरचं पाणी घ्यावं, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा. चिमटीच्या वर गेलं की वास येतो.

कट निथळून बाजूला ठेवायचा. पुरणयंत्र नसेल तर गरम डाळ स्टीलच्या चाळणीतून डावानं घासून काढावी. गार झालेली डाळ चाळणीला दाद देत नाही. मग ४०० ग्रॅम गूळ घालून आटवायचं. उलथनं मधोमध उभं राहिलं की गॅस बंद. वेलची, जायफळ, थोडी सुंठ शेवटी. गूळ मिळालाच नाही तर लॅटिन अमेरिकी दुकानातला पॅनेला घ्यावा, तोही उसाच्या रसाचाच असतो. ब्राऊन शुगरनं गोडी येते, चव येत नाही.

कणकेसाठी तिकडचं ब्रेडचं पीठ नको. त्यात ग्लुटेन जास्त, पोळी लाटता लाटता मागे ओढते. साधा मैदा ३०० ग्रॅम, चपातीचा आटा १०० ग्रॅम, मीठ, हळद. सैलसर मळून वर तेल ओतून दोन तास झाकून ठेवावी. फ्रीजमधलं पुरण तासभर आधी बाहेर काढायला विसरू नये. गार पुरण घट्ट असतं, ते पारी, म्हणजे कणकेचं आवरण, फाडून बाहेर येतं. पुरणाचा गोळा साठ ग्रॅमचा, कणकेचा त्याच्या निम्मा.

काचेच्या विजेच्या शेगडीवर आच कमी केली तरी तवा बराच वेळ तापलेलाच राहतो. त्यामुळे सुरुवातच मध्यम आचेवर करावी आणि दोन तवे आलटून पालटून वापरावेत. तूप घरीच कढवावं: अर्धा किलो बिनमिठाच्या लोण्याचं साधारण ४०० ग्रॅम होतं.

आमटीला ब्याडगीचा रंग आणि संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा लागतो, म्हणून मसाला गावाकडूनच कुटून न्यावा. तिकडे बंद खोलीत मिरच्या भाजल्या तर धुराचा अलार्म सगळी इमारत उठवतो. कांदा-खोबरं भाजतानाही खिडकी उघडी हवी. त्याचं लसूण-कोथिंबीर घालून वाटण करायचं, कटात चिंच आणि मूठभर पुरण. ही आमटीही आदल्या रात्री केलेलीच चांगली, मुरते. बेळगावची मिठाई कुंदा न्यायचा मोह मात्र आवरावा. तो खव्याचा, आणि युरोपीय संघात भारतातून प्रवासी सामानात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

आमंत्रण देतानाच कुणाला काय चालत नाही ते विचारून घ्यावं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला पाहुणा असेल तर चटणी करूच नये, वेगळी ठेवून भागत नाही. गहू वर्ज्य असलेल्याला पोळी तर नाहीच, पण डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आमटीत हिंग टाळून त्याला भाताबरोबर वाटीभर पुरण आणि तूप द्यावं. आणि पोळी गोड दिसते म्हणून लोक ती शेवटी खायला बाजूला सारतात. ती आमटीबरोबर, गरम असतानाच खायची, हे वाढतानाच सांगावं.

उरलेल्या पोळ्या प्रत्येकीमध्ये कागद घालून बांधून द्याव्यात. मायक्रोवेव्हमध्ये त्या चामट होतात. तव्यावर तूप सोडून गरम करायला सांगावं.