ऊसबिलाचा मेळ: बँकेच्या आयटी विभागात इंटर्नशिपला जाणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना सहकारी बँकेच्या, पतसंस्थेच्या किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या आयटी विभागात इंटर्नशिप मिळते, तेव्हा बहुतेकांची तयारी अ‍ॅप बनवायची असते. हाती येतं रेकोचं काम, म्हणजे दोन-तीन फायलींतल्या रकमांचा मेळ घालणं. हे काम कमी दर्जाचं समजू नका. पैसा कुठून कुठे जातो आणि मध्येच कुठे अडतो, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याच कामात दिसत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ऊसबिलाचं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यावी, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हंगामात कारखान्याकडून बँकेला फाइल येते: सभासद क्रमांक, नाव, खाते क्रमांक, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड), रक्कम. काही खाती त्याच बँकेत असतात, बाकीच्यांना एनईएफटीने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सोयीने, पाठवायचं. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच. समोरच्या बँकेला रक्कम जमा करता आली नाही, तर बॅच झाल्यापासून दोन तासांत ती परत पाठवायची असते. म्हणजे सकाळी ‘गेली’ म्हणून नोंदलेली रक्कम दुपारी रिटर्न होऊन आलेली असू शकते. ती सस्पेन्स खात्यात (कोणाची ते न ठरलेली रक्कम तात्पुरती ठेवायच्या खात्यात) पडून राहिली, तर कागदावर बिल दिलेलं दिसतं आणि शेतकरी बँकेत हेलपाटे घालत राहतो. म्हणून हा मेळ रोजच्या रोज लागायला हवा.

तीन फायली समोर ठेवा: कारखान्याची मूळ फाइल, कोअर बँकिंगमधून (बँकेच्या सगळ्या खात्यांच्या मुख्य सॉफ्टवेअरमधून) काढलेल्या नोंदी आणि रिटर्नची फाइल. आधी फक्त ओळींची संख्या आणि एकूण बेरीज बघा. मग ओळीला ओळ लावा, तीही संदर्भ क्रमांकावरून. एनईएफटीचा यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा वेगळा संदर्भ क्रमांक, १६ अक्षरांचा असतो. नाव आणि रक्कम यांवरून कधीही जुळवू नका. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील सापडतात आणि दोघांचं बिल नेमकं सारखंही निघतं. उरलेल्या ओळींचे तीन गठ्ठे करा: फक्त पहिल्या फायलीत आहेत त्या, फक्त दुसरीत आहेत त्या, आणि दोन्हींत असून रक्कम वेगळी असलेल्या. प्रत्येक गठ्ठ्याचं कारण वेगळं असतं, म्हणून ते एकत्र करू नका.

इथे एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) दोन ठिकाणी फसवतं. दोन फायलींच्या जोडणीत, म्हणजे जॉइनमध्ये, एखादा यूटीआर दोनदा आला की ओळी वाढतात आणि बेरीज फुगते. त्यामुळे जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावून घ्या. दुसरी फसवणूक जास्त वाईट. ‘नॉट इन’ वापरून न जुळलेल्या ओळी काढताना आतल्या यादीत एक जरी नल (रिकामी किंमत) असला, तर निकाल पूर्ण रिकामा येतो. रिकामा निकाल पाहून सगळं जुळलं असं वाटतं आणि तसाच अहवाल पुढे जातो. ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा. शिवाय एक ओळ मुद्दाम चुकवून ती पकडली जाते का हे आधी बघा.

एक्सेलमध्ये सीएसव्ही दुहेरी क्लिकने उघडू नका. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. आकड्याचे पंधराच अंक जपले जात असल्याने सोळा-अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. सेव्ह केलंत की मूळ गेलं. फाइल इम्पोर्ट करून तो कॉलम टेक्स्ट ठेवा. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. हाताने भरलेल्या फायलींत तिथे हमखास ‘ओ’ सापडतो. जुन्या संस्थांच्या मराठी याद्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. त्या रूपांतरित केल्यावर रफार आणि जोडाक्षरं माणसानेच तपासावी लागतात.

रक्कम फ्लोटमध्ये (दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवायची नाही. ०.१ आणि ०.२ मिळून संगणकात ०.३०००००००००००००००४ होतात. हजारो ओळींत अशा फरकाने पैशा-दोन पैशांची तफावत निघू शकते आणि ती शोधण्यात अख्खा दिवस जातो. रक्कम पैशांत मोजून पूर्णांकात धरा किंवा डेसिमल (अचूक दशांश साठवणारा प्रकार) वापरा. व्याज काढताना वर्ष ३६५ दिवसांचं धरायचं की लीप वर्षात ३६६, हे लेखी विचारून घ्या. १० लाखांवर ९ टक्क्यांनी ३१ दिवसांचं व्याज एका पद्धतीने ७६४३.८४ रुपये येतं, दुसरीने ७६२२.९५. पायथनचं राउंड २.५ चे २ करतं, तेही लक्षात असू द्या.

सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल, तर आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार आदल्या तारखेत पडतात. डे-एंडच्या (दिवसअखेरच्या) आकड्यांत रोज थोडी तफावत येत असेल, तर आधी हेच बघा.

सगळ्यात महाग चूक दुबार जमेची. फाइल अपलोड करताना टाइमआउट येतो, ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो आणि हजारभर खात्यांत दोनदा पैसे पडतात. टाइमआउट म्हणजे व्यवहार फसला असं नाही. आधी स्थिती विचारायची, मगच पुन्हा पाठवायचं. फाइलच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) साठवून तीच फाइल दुसऱ्यांदा नाकारा आणि प्रत्येक ओळीच्या संदर्भ क्रमांकावर डेटाबेसमध्येच युनिकची, म्हणजे तो क्रमांक दुसऱ्यांदा न येऊ देण्याची, अट घाला. स्क्रीनवर बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण दुसऱ्या मशीनवरूनही फाइल चढते. एकदा जमा झालेली रक्कम परत घेणं फार अवघड. शेतकऱ्याने ती त्याच दिवशी खताच्या दुकानात दिलेली असते, आणि चूक त्याची नसते.

ग्राहकांची माहिती बँकेबाहेर न्यायची नाही. फोनने स्क्रीनचा फोटो नको, अडलेली क्वेरी खऱ्या खाते क्रमांकांसह चॅटबॉटला विचारणं नको. चाचणीसाठी बनावट माहिती तयार करा. लाइव्ह डेटाबेसवर फक्त वाचण्याची परवानगी मागा. कोणी जास्त देऊ केली तरी घेऊ नका.

जाण्यापूर्वी आठवडाभर जॉइन आणि ग्रुप बाय घोटून घ्या, आणि जमा-नावे बँकेच्या बाजूने वाचायला शिका. ग्राहकाची ठेव हे बँकेचं देणं असतं, म्हणून ती जमेच्या बाजूला. शक्य असेल तर गळीत हंगामातच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, तेव्हा फायली खऱ्या अर्थाने येत असतात. मार्चअखेरीला वर्षअखेरच्या गडबडीत नवीन बदल बहुधा थांबवलेले असतात. तुमची स्क्रिप्ट त्याआधी चालू व्हायला हवी, आणि कुठली फाइल आधी घ्यायची, न जुळलेल्या ओळी कोणाकडे द्यायच्या याची पानभर टिपण मराठीत लिहून तिथल्या ऑपरेटरच्या हाती द्या. तुम्ही गेल्यावर ती स्क्रिप्ट रोज त्यांनाच चालवायची आहे.