आमची वाटचाल : पुढची खोली, मागची पडवी

२०११ साली बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या सासऱ्यांच्या वाड्याची पुढची खोली मी समुपदेशनासाठी मागून घेतली. मागच्या पडवीत माझा ईझल आधीपासून होताच. सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्रात एम.ए. केलं, आणि संध्याकाळी चित्रकला शिकत राहिले. "यातलं नक्की काय करणार?" असं घरचे विचारत. पण हे बडोदं आहे. इथे १९५० साली ललित कला विद्याशाखा निघाली, इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायला आले. आणि अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गुडइनफ बाईंची १९२६ ची 'माणूस काढ' चाचणी, म्हणजे मुलाच्या चित्रावरून त्याची बुद्धी मोजायची चाचणी, डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी बसवली, तीही इथेच. त्या चाचणीत चित्राच्या देखणेपणाला गुण नसतात. मान काढली आहे का, बोटं पाच आहेत का, हे बघतात.

मी तशीच प्रत्येक चित्र तपासत सुटले होते. जुलै २०१९ अखेर विश्वामित्री नदीला पूर आला. त्यानंतर सात वर्षांचा एक मुलगा आला, शाळेत बोलेनासा झालेला. (आईवडिलांना विचारून आणि तपशील बदलून लिहिते आहे.) त्याने घर काढलं. दारात हिरवी मगर, जबडा उघडा, दात एकेक करून काढलेले. 'घरात कुणाचा तरी धाक' अशी नोंद करून मी वडिलांना बोलावून घेतलं, नाही नाही ते प्रश्न विचारले. पुढच्या आठवड्यात मुलालाच विचारलं, "ही कुठली रे?"

"आमच्या सोसायटीत आली होती. काकांनी दोरीने धरली."

चित्रातल्या भिंतीवर मधोमध निळी रेघ होती. "इथपर्यंत पाणी होतं."

त्या वडिलांची मी माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे चित्राचा अर्थ कुणी सांगत नाही, काढणाऱ्याला विचारतो. तो मुलगा पुढे कितीतरी दिवस मगरच काढत होता. मीही समोर बसून माझी काढायचे. एकदा म्हणाला, "मावशी, तुमच्या मगरीचे पाय चुकलेत." तिथून तो बोलायला लागला.

भिंतीवरची माझी चित्रंही मी उतरवली. लोक ती बघून तसंच काढायला जायचे, मला आवडावं म्हणून.

आज आम्ही चौघीजणी आहोत. चित्रकलेचा वर्ग वेगळा, समुपदेशन वेगळं. वेळ, फी, हिशेबाची वही सगळं निराळं. समुपदेशनाला आलेल्यांची चित्रं कपाटात कुलपात राहतात, प्रदर्शनात कधीच लागत नाहीत. औषधांची गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. तिथे रंगांवर भिस्त ठेवून वेळ घालवणं मला मान्य नाही.

गुरुवारी केंद्र बंद असतं. त्या दिवशी पडवीत मी माझं रंगवते. ते सुटलं की पुढच्या खोलीत माझी घाई वाढते, मी लोकांना वाक्य पुरं करू देत नाही. दोन वर्षांपूर्वी काम वाढलं म्हणून गुरुवारही उघडा ठेवला होता. चार महिन्यांत पुन्हा बंद केला.